शून्य रुपयांची तिकिटं

पगार काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. उद्यमबागेतल्या एका ओतकामाच्या कारखान्यात मी अकरा वर्षं पगारपत्रकं करते आहे. दीडशे माणसांची हजेरी, जादा तास, रजा, कपाती, सगळं माझ्या टेबलावरून जातं, आणि सात तारखेला कुणाचा एक रुपया इकडचा तिकडे होत नाही याचा मला गर्व आहे. होता, म्हणायला हवं. कारण ज्या एका बाईचा पगार मी कुणाच्या हुकमाशिवाय, माझ्याच स्वयंपाकघरात बसून काढत होते, तिचा मी वर्षभर चुकीचा काढला आणि मला पत्ताही नव्हता.

मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. नवरा निपाणीच्या एका कॉलेजात शिकवतो आणि आठवड्यातले चार दिवस तिकडेच राहतो. परीक्षा संपल्या, कसली सुट्टी लागली, की मध्येच घरी येऊन ठेपतो. सासूबाई खानापूरकडच्या गावात, शेत आणि दोन म्हशी सोडून त्यांचा पाय निघत नाही, पण नातीची आठवण आली की सकाळच्या पहिल्या बसने थेट दारात. आधी फोन करणं त्यांना परकेपणाचं वाटतं. माझं म्हणाल तर एक ते सात तारीख मी रात्री आठला घरी पोचते आणि एरवी साडेपाचला. पाळणाघर करून पाहिलं. ते सहाला बंद व्हायचं, आणि सहानंतर तिथल्या बाईंचं तोंड बघवत नसे. म्हणजे आम्हाला अशी बाई हवी होती जी हवी तेव्हा यावी, हवा तितका वेळ थांबावी आणि नको तेव्हा नसावी. असं माणूस मिळतं असं वाटणाऱ्यांपैकी मीही एक होते.

शेजारणीच्या ओळखीने आक्का आली. पन्नाशी उलटलेली, अंगाने किडकिडीत, नाकात बारीक चमकी. माहेर निपाणीचं. लग्न होईपर्यंत आईबरोबर बिड्या वळल्या, मग काकतीला दिली. नवरा गेला, मुलगा आणि सून काकतीतच, तिथूनच ती येणार होती. दोन बस बदलून खासबागेला. घरात आल्यावर तिने आधी हात धुतले, मग मुलीसमोर नुसती फरशीवर बसली. बोलावलं नाही, हात पुढे केला नाही. माझी मुलगी परक्या माणसाला बघून पडद्यामागे जाणारी. पाच मिनिटांनी ती स्वतःहून बाहेर आली आणि आक्काच्या हातातल्या काचेच्या बांगड्या मोजायला लागली. तिला तेव्हा मोजता येत नव्हतं, पण प्रत्येक बांगडीला ती "एक" म्हणत होती.

पगाराचं बोलणं निघालं तेव्हा आक्का आधी ऊन, मग बसची गर्दी, मग शेजारणीची तब्येत अशा सगळ्या गावांना जाऊन आली. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं मला कारखान्यातही भेटतात, म्हणून मीच विचारलं.

"आक्का, मनात काय आहे ते सांगा की."

"म्हैना बांधून द्या, वैनी. कमी द्या, पर बांधून द्या."

हे मला पटलं नाही. मी वही काढून तिला उदाहरणासह समजावलं. महिना बांधला की एक तारखेपासून तुम्ही रोज अडीच तास जास्त थांबणार, त्याचे पैसे कुठे जाणार? तासावर धरलं की प्रत्येक तासाचे पैसे. ताशी पन्नास रुपये. जितकं काम तितका दाम, यात तुमचाच फायदा. मी चांगल्या मनाने सांगत होते, हे आजही म्हणेन. बांधलेल्या पगारात जादा काम कसं गिळलं जातं, ते मी रोज बघते. आक्काने ऐकून घेतलं.

"तुमी शिकल्याली मानसं. तुमी म्हनतासा तसं," ती म्हणाली.

फ्रिजशेजारच्या खिळ्याला मी एक हजेरीवही टांगली. कारखान्यात जशी असते तशीच. आल्याची वेळ, गेल्याची वेळ, एकूण तास. आली तर "ह". नाही आली तर "गै". महिनाअखेरीला मी बेरीज मारायची, तिला वाचून दाखवायची आणि ती सही करायची. चौथीपर्यंत शाळा झालेली, सही मात्र वळणदार. नवरा एकदा ती वही बघून म्हणाला, "पोरीला सांभाळायला बाई ठेवलीस की फाउंड्री काढलीस?" मी त्याला म्हटलं, तुझ्या कॉलेजात इतका चोख कारभार असता तर बरं झालं असतं.

व्यवस्था कशी चालायची ते सांगते, कारण सगळं त्यातच आहे. आक्का रोज साडेआठला घरात. नको असेल त्या दिवशी मी तिला फोन करायचा. आदल्या दिवशी कळलं तर आदल्या दिवशी. पण सासूबाई कधीच आदल्या दिवशी कळायच्या नाहीत. सकाळी पावणेआठ-आठला त्यांची पिशवी दारात टेकली, की मी चहा ठेवायच्या आधी आक्काला फोन लावायची. "आक्का, आज नको हं, आमच्या सासूबाई आल्यात." ती म्हणायची, "बरं बरं, ऱ्हाऊ दे." फोन ठेवला की मी वहीत "गै" लिहायची. फोन करायला विसरले नाही याचं मला समाधानच वाटायचं. कितीतरी घरांत बाईला दारात उभी करून परत पाठवतात.

आमचं घर पहिल्या मजल्यावर. खिडकीतून रस्त्यापलीकडचा बसथांबा दिसतो. मुलगी त्या खिडकीत खुर्चीवर उभी राहून आक्काची वाट बघायची. सासूबाई आलेल्या असल्या तरी वाट आक्काचीच. मी तिला सांगायची, "आज आक्का आली नाही गं." ती म्हणायची, "आली. आक्का थितं." बोट रस्त्याकडे. मला वाटायचं, कुठल्याही लुगड्याचा हिरवा रंग दिसला की हिला आक्काच दिसते. मी तिला उचलून आत न्यायची. सासूबाईंना याचा थोडा राग यायचा. "आजी समोर बसलीय आणि ही बाईचं नाव घेतीय," त्या म्हणायच्या. त्यांची समजूत काढण्यात माझी सकाळ जायची.

अकरा महिने असे गेले. मुलगी आक्काच्या हातचं नाचणीचं आंबील प्यायला लागली, जे माझ्या हातचं तिने दोनदा ओतून दिलं होतं. शब्दही काकतीचे बोलू लागली, लई आणि न्हाय. मी कामावरून आले की आक्का निघायच्या आधी मला दिवसभराचं सांगायची. काय खाल्लं, किती झोपली, कुठे पडली. पडली असेल तर आधी तेच सांगायची. मला तिच्यावर भरवसा होता आणि ती माझ्या घरातली सगळ्यात खरी व्यवस्था होती, नवऱ्यापेक्षाही.

मग एका संध्याकाळी, चप्पल घालता घालता ती थांबली.

"वैनी, एक कागद पायजे हुता."

खासबागेतच, आमच्यापासून दोन गल्ल्यांवर, एका विणकर कुटुंबाच्या मागे एक खोली रिकामी झाली होती. पुढे यंत्रमाग, मागे खोली आणि न्हाणी. आक्काला ती हवी होती. काकतीत मुलाच्या घरी दीड खोली, सुनेला दुसरं मूल झालेलं, आक्का गॅसच्या टाकीशेजारी वाटेत झोपायची. उठून पाणी प्यायला कुणी आलं की तिला पाय आखडून घ्यावे लागत. "सून वाईट न्हाय वो. जागा वाईट हाय," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा दाराला आपली कडी असेल, असंही म्हणाली, आणि हे बोलताना लाजली. आगाऊ रक्कम तिने साठवली होती. पण घरमालकिणीचा आधीचा भाडेकरू तीन महिन्यांचं भाडं बुडवून गेलेला. तिने सांगितलं होतं, जिथे काम करतेस तिथून पगाराचं लिहून आण.

असे दाखले मी महिन्याला दहा-बारा तरी लिहिते. कर्जाला, मुलांच्या शाळेला, लग्न ठरवायला. आक्काला म्हटलं, सोमवारी देते. रविवारी बसून मी वही उघडली आणि नेहमीच्या शिस्तीने लिहिलं. ताशी दर पन्नास रुपये. दरमहा ठरावीक रक्कम नाही, हजर तासांप्रमाणे. गेल्या सहा महिन्यांतलं सर्वात कमी, सर्वात जास्त. एकूण गैरहजेरी तेवीस दिवस. खाली सही, तारीख.

नवरा घरी होता. त्याने वाचलं आणि विचारलं, "हे तेवीस कशाला लिहिलंस?"

मी म्हटलं, "खोटं लिहू?"

"खोटं नको. पण लिहायलाच पाहिजे होतं का?"

मी भांडले त्याच्याशी. दाखला म्हणजे दाखला. एकदा आपल्याला वाटतं म्हणून एक आकडा गाळायला लागलं की मग त्या कागदाला अर्थ काय राहिला? कारखान्यात सुपरवायझर माझ्यावर चिडतात ते याच स्वभावामुळे, आणि कामगार माझ्याकडे येतात तेही याचमुळे. मी कागदाची नीट घडी घालून आक्काला दिला. तिने तो उघडूनही पाहिला नाही, पदराने पुसून पिशवीत ठेवला.

चार दिवस तिने काही सांगितलं नाही. पाचव्या दिवशी मीच विचारलं, खोलीचं काय झालं.

"दुसऱ्याला दिली."

"का?"

"असंच," ती म्हणाली आणि मुलीचा भात कालवायला बसली.

मला वाटलं, कुणीतरी जास्त भाडं दिलं असेल. मी दुसरीकडे चौकशी करते म्हणाले, आणि दोन ठिकाणी केलीही. त्या महिन्याचा पगार झाला. बेरीज वाचून दाखवली, तिने वळणदार सही केली. आणि सही केल्यावर पेन परत देताना म्हणाली, "वैनी, फुडच्या म्हैन्यापास्नं मी याची न्हाय."

निपाणीत एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी तिला काम लागलं होतं. बाई अंथरुणाला खिळलेल्या. तिथेच राहायचं, तिथेच जेवायचं, दिवसरात्र. पगार बांधलेला. "खोली न्हाय, पर खाट हाय," ती म्हणाली.

मला राग आला. खरं सांगायचं तर आधी रागच आला. माझ्या मुलीचं काय, माझ्या सात तारखेचं काय, हेच डोक्यात. मी म्हटलं, "आक्का, मी तुम्हाला काय कमी केलं? एक तास तरी बुडवला का तुमचा?"

तिने मुलीकडे पाहिलं. मुलगी तिच्या बांगड्यांशी खेळत होती.

"तास न्हाय बुडीवला," ती म्हणाली. "पर तेवीस दिस मी आले न्हाय असं लिवलासा. त्या मालकिणीच्या सुनंनं मोठ्यानं वाचलं. म्हैन्याला चार-चार दिस घरात बसनारी बाई भाडं कसं देनार, म्हनाली. मी काय बोलू तितं?"

"पण आक्का, तुम्ही नव्हताच ना आलात त्या दिवशी."

"आलते की."

मला कळेना. ती उठली, पिशवीतून प्लास्टिकची एक पातळ थैली काढली. तिच्यात आधार कार्ड आणि रबर लावलेली बसच्या तिकिटांची जुडी. आमच्या राज्यात बायकांना सरकारी बसला पैसे पडत नाहीत, पण तिकीट घ्यावंच लागतं. आधार कार्ड दाखवलं की कंडक्टर मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट काढून देतो. त्यावर तारीख असते, वेळ असते, कुठून कुठे ते असतं. उतरलं की बायका ते चुरगाळून टाकतात. मीही टाकते. आक्काने एकही टाकलं नव्हतं.

"आईनं जन्मभर बिड्या वळल्या," ती म्हणाली. "पर बिडी कामगाराचं कार्ड तिच्या जावंच्या नावावर. शेवटाला आईनं काम केलंय ह्याचा कागदच न्हाय कुटं. तवापास्नं मला कागद टाकवत न्हाय."

मी जुडी सोडवली आणि वही शेजारी घेतली. एवढं मला येतं. वहीतला शेवटचा "गै" काढला, त्या तारखेची तिकिटं शोधली. चार निघाली. काकतीहून बसस्टँड. बसस्टँडहून खासबाग, वेळ सात वाजून एकोणचाळीस. मग खासबागहून बसस्टँड, आठ बावीस. बसस्टँडहून काकती. त्याआधीचा "गै" काढला. पुन्हा चार. पुन्हा सकाळीच आलेली आणि सकाळीच गेलेली. काही तारखांना काहीच नव्हतं, त्या मी आदल्या दिवशी नको म्हटलेल्या. पण शेवटच्या तीन महिन्यांत बारा "गै" होते आणि त्यातल्या नऊ दिवशी आक्का आमच्या समोरच्या थांब्यावर उतरली होती.

साडेआठला घरात असायचं तर काकतीहून सातच्या आधी निघावं लागतं, त्यानंतरची बस उशिरा पोचते. मी पावणेआठला फोन करायची तेव्हा ती खासबागेत आलेली असायची किंवा येण्याच्या बेतात असायची. परतीची बस येईपर्यंत थांब्यावर उभी राहायची. हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. दीडशे माणसांची शिफ्ट कुठल्या गावाहून कुठल्या बसने येते हे मला पाठ आहे.

"वर का आला नाहीत? निदान चहा तरी घ्यायचा."

"तुमी नको म्हटलासा. नको म्हटलेल्या घरात कसं यायचं, वैनी?"

"मग सांगायचं तरी मला."

"काय सांगायचं?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्याने मला जास्त त्रास झाला. "बिड्या तपासून घेताना वाईट दिसली की बाजूला टाकायचं. ते छाट. छाट परत बी मिळायचं न्हाय आनि त्येचं पैसं बी न्हाय. त्यो दिस छाटात गेला, म्हनायचं आनि जायाचं. तेची सवय हाय. पर छाट पडलं म्हंजी मी वळलंच न्हाय, असं तिकडं बी कोन लिवत नव्हतं."

माझ्या कारखान्यात एक नियम आहे. गेटावर वेळेत हजर झालेल्या माणसाला, आज काम नाही म्हणून परत पाठवलं, तर त्याला अर्धा रोज द्यावा लागतो. मध्ये एकदा वीज गेली होती तेव्हा चाळीस माणसांना सुपरवायझरने गेटावरून परत पाठवलं आणि हजेरीवर "गै" लिहून माझ्याकडे पाठवलं. मी ते पत्रक तसंच परत केलं. मालकासमोर उभी राहून म्हणाले, माणूस आला होता, काम तुमच्याकडे नव्हतं, ही त्याची गैरहजेरी कशी? चाळीस जणांचे अर्धे रोज मी मिळवून दिले. पुढे कितीतरी दिवस चहाच्या टपरीवर माझ्याकडून कुणी पैसे घेत नव्हतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी दुसऱ्यांबद्दल भरपूर वापरली आहे.

त्या टेबलाशी बसून मला इतकी लाज वाटली की मान वर करता येईना. म्हणून मी मला येतं ते केलं, म्हणजे हिशेब. नऊ दिवस, अर्धा रोज सव्वादोनशे. मग त्याआधीची तिकिटं काढली, आणि ती पांढरी निघाली. मशीनच्या कागदावरची अक्षरं दोन-तीन महिन्यांत उडतात. आक्काने नुसते कोरे कागद रबर लावून जपून ठेवले होते. मी एकेक उजेडाला धरून बघितला. कुठे तारखेचा एखादा आकडा, कुठे काहीच नाही.

"हे कशाचे, आक्का?"

"ते बी तसलेच. पर आता दिसत न्हाईत."

मी म्हटलं, वर्षभरातल्या सगळ्या गैरहजेऱ्यांचे देते. तिने मान हलवली. "दोन दिस मला ताप हुता. ते नको. आनि तुमी आदल्या दिशी सांगिटल्याले बी नको." किती होतात मग? तिला आठवत नव्हतं आणि मला कधीच माहीत नव्हतं. मी अंदाजाने एक आकडा धरला, तिच्या बाजूने, आणि पैसे तिच्यासमोर ठेवले. तिने मोजले नाहीत. पिशवीत टाकले आणि बसून राहिली.

"अजून काही हवंय का?"

"त्या वहीत तेवढं लिवा. आलती म्हनून."

मी वही घेतली. ज्या नऊ तारखांना तिकिटं होती तिथला "गै" खोडला, "ह" केला, प्रत्येक खाडाखोडीशेजारी माझी सही केली, नियमाप्रमाणे. ती माझ्या पेनाकडे बघत होती, एकेक ओळ. पांढऱ्या तिकिटांच्या तारखा मला ठरवता आल्या नाहीत. त्या तशाच राहिल्या. मग मी नवा दाखला लिहिला. एक वर्ष काम केलं. वेळेवर येत. स्वतःच्या आजारपणाची गैरहजेरी दोन दिवस. या वेळी तिने तो उघडला आणि बोट ठेवून, ओठ हलवत, शेवटपर्यंत वाचला. मी तिला म्हटलं, त्या घरमालकिणीकडे मी स्वतः येते, सांगते तिला. आक्का म्हणाली, "तितं आता नवराबायको ऱ्हायला आल्यात. त्यांला काय उठवायचं?"

महिना बांधून देते, हेही मी त्या वेळी म्हणाले. ती पहिल्या दिवशी जे मागत होती तेच. रोजच्या नऊ तासांचा धरून, येवो न येवो, आणि जादा तासांचे वेगळे. असं कोष्टक माझ्या डोक्यात दोन मिनिटांत तयार झालं, म्हणजे ते आधीही होऊ शकलं असतं. आक्का हसली. "त्यांला शब्द दिलोय, वैनी. ती म्हातारी वाट बगत असंल." ज्याला शब्द दिला त्याच्याकडे वेळेवर जायचं, हे तिला मी शिकवायची गरज नव्हती.

शेवटच्या दिवशी तिने मुलीला नेहमीसारखं भरवलं, झोपवलं आणि ती झोपेत असतानाच निघाली. उठल्यावर रडंल, म्हणाली, आणि स्वतःच डोळे पुसले. मी तिला स्कूटीवर बसस्टँडला सोडते म्हटलं. नको म्हणाली, बस हाय की. खिडकीतून मला ती थांब्यावर उभी दिसली. हिरवं लुगडं, काखेत पिशवी. इथून ती इतकी स्पष्ट दिसते हे मला तोवर माहीत नव्हतं. दुपारची वेळ, बस उशिराने आली. तोवर मी खिडकीत उभी होते आणि तिने एकदाही वर बघितलं नाही. वर बघायचं नाही, ही सवय तिला त्या सकाळींनीच लावली असेल.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या, या वेळी मीच बोलावून घेतलं होतं. मुलगी उठल्याबरोबर खुर्ची ओढत खिडकीशी गेली. बराच वेळ थांब्याकडे बघत राहिली. दोन बस आल्या, माणसं उतरली, गेली. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आक्का थितं न्हाय."

"आज आक्का आली नाही गं," मी म्हटलं. हे वाक्य मी तिला कितीतरी सकाळी सांगितलं होतं. त्यातल्या कितीतरी सकाळी ते खोटं होतं आणि ती खरं सांगत होती. त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही दोघी एकच बोलत होतो.